वाचकासाठी काम शिल्लक ठेवणारे पुस्तक

वाचकाचे पत्र: मी एकोणतीस वर्षांची असून ग्राफिक डिझायनर म्हणून काम करते. वाचनाची आवड लहानपणापासून आहे. गेल्या वर्षी मोजून ५२ पुस्तके वाचली. तरीही कामाच्या बैठकीत ‘तुला काय वाटते?’ असे कोणी विचारले की मला कुठेतरी वाचलेले कोणाचे तरी वाक्य आठवते. माझे म्हणून काही सुचतच नाही. बरीचशी पुस्तके तर दोन महिन्यांत मनातून पुसली जातात. विचारांना आणि सर्जनशीलतेला खरोखर घडवतील अशा दहा पुस्तकांची यादी द्याल का? सतत दुसऱ्यांचे वाचून माझा स्वतःचा आवाज हरवत असेल का, अशीही भीती वाटते. एक सहकारी म्हणतो की कथा-कादंबऱ्यांत वेळ घालवू नये. शिवाय अर्धवट राहिलेली अकरा पुस्तके उशाशी पडली आहेत. ती पाहिली की अपराधी वाटते. त्यांचे काय करू?

सप्रेम नमस्कार.

दहा पुस्तकांची यादी मी देणार नाही. ही टाळाटाळ आहे असे तुम्हांला वाटू नये, म्हणून कारण सविस्तर सांगते. अशा याद्यांच्या मुळाशी एक समजूत असते की माणसाला घडवण्याची ताकद पुस्तकात भरून ठेवलेली असते आणि वाचणाऱ्याने ती नुसती उपसून घ्यायची असते. प्रत्यक्षात एखाद्या पुस्तकाने ज्यांच्या बुद्धीला वळण दिले असे आपण खात्रीने म्हणू शकतो, अशा माणसांची पुस्तके पाहिली, तर त्यांतली काही अगदी साधी निघतात, इतकी साधी की थोर ग्रंथांच्या यादीत त्यांना कोणी जागा दिली नसती.

वैज्ञानिक मायकेल फॅरेडेचे उदाहरण घ्या. चौदाव्या वर्षी तो लंडनमधल्या एका बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचू लागला. त्यांत जेन मार्सेट या लेखिकेचे रसायनशास्त्रावरचे एक संवादरूप पुस्तक होते. प्रथम निनावी प्रसिद्ध झालेले ते पुस्तक नवशिक्यांसाठी लिहिलेले होते. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी गप्पा मारत मारत पदार्थांचे गुणधर्म समजून घेतात, एवढेच त्याचे स्वरूप. फॅरेडेने पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात या पुस्तकाबद्दल एका पत्रात लिहिले, आणि त्या पत्रातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. तो म्हणतो की आपण काही खोल विचार करणारे किंवा वयापेक्षा हुशार मूल नव्हतो; अरबी कथांवर आपला जितक्या सहज विश्वास बसे तितक्याच सहज ज्ञानकोशावरही बसे. पण कोणतेही विधान समोर आले की त्याची उलटतपासणी घेण्याची सवय होती, आणि तीच सवय आपल्याला तारून गेली. म्हणून मार्सेटबाईंच्या पुस्तकातली विधाने त्याने हाताशी असलेल्या तुटपुंज्या साधनांनी, छोटे छोटे प्रयोग करून पारखली. ती खरी ठरली तेव्हा त्याला रसायनशास्त्रात पाय रोवायला जागा मिळाली. १८१२ मध्ये त्याने नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे नीटनेटकी लिहून काढली, स्वतःच्या हातांनी बांधली आणि डेव्हीकडे पाठवली. पुढच्याच वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशन या लंडनमधल्या विज्ञानसंस्थेत डेव्हीचा साहाय्यक झाला. हेच पुस्तक त्या काळात पुष्कळांनी वाचले, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. परंतु पान मिटल्यावर उठून ते पडताळून पाहणारा हा मुलगा वेगळा होता.

श्रीनिवास रामानुजन यांची गोष्टही याच जातीची आहे. साधारण १९०३ च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, त्यांच्या हाती जी. एस. कार या शिकवण्या घेणाऱ्या गृहस्थांनी संकलित केलेले गणिताचे एक पुस्तक आले. त्यात सुमारे पाच हजार निष्कर्ष क्रमाने मांडलेले होते आणि त्यांच्या सिद्धता एकतर अगदी त्रोटक होत्या किंवा नव्हत्याच. परीक्षार्थींना उजळणीसाठी उपयोगी पडावे, एवढाच त्याचा मूळ हेतू. रामानुजन यांना पुढे केंब्रिजला बोलावणारे गणितज्ञ हार्डी यांनीही स्पष्ट लिहून ठेवले आहे की ते पुस्तक काही थोर नव्हते, रामानुजन यांनी त्याला कीर्ती मिळवून दिली. सिद्धता दिलेल्या नसल्यामुळे त्या मुलाला प्रत्येक निष्कर्ष स्वतः गाठावा लागला, आणि तो गाठता गाठता पुस्तकात नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. याची दुसरी बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. रामानुजन यांच्या वह्या बहुतांशी त्याच पुस्तकाच्या वळणावर गेल्या. निष्कर्ष आहेत, सिद्धता नाहीत. नंतरच्या गणितज्ञांना त्या सिद्धता शोधण्यात अनेक दशके घालवावी लागली. म्हणजे पुस्तकात काय आहे याचा जसा माणसावर परिणाम होतो, तसाच ते कोणत्या रीतीने बोलते आणि काय सांगायचे सोडून देते याचाही होतो.

माझ्यापुरते सांगायचे तर विशीत असताना मी एका मासिकातली शंभर पुस्तकांची यादी कापून भिंतीवर चिकटवली होती आणि वाचलेल्या पुस्तकापुढे लाल खूण करत असे. साठाच्या वर खुणा झाल्या. त्यांतल्या फार थोड्या पुस्तकांविषयी आज मी चार वाक्ये धड बोलू शकेन. याउलट, त्याच वर्षांत एका नातेवाइकाने मला तर्कशास्त्राच्या उदाहरणांचे एक जुने पुस्तक दिले होते, ज्याची उत्तरांची शेवटची पाने कोणीतरी फाडून नेली होती. उत्तर बरोबर आले की चुकले हे कळायला दुसरा मार्गच नव्हता, त्यामुळे प्रत्येक उदाहरण मला दोन वेगवेगळ्या वाटांनी सोडवून पाहावे लागे. एका पानावर तर मी इतक्या वेळा पेन्सिलीने लिहून खोडले आहे की कागद विरून पलीकडची अक्षरे दिसतात. कोणतेही म्हणणे मान्य करण्याआधी ते दुसऱ्या बाजूने तपासायचे, ही माझी आजची सवय त्या फाटक्या पुस्तकातून आलेली आहे. भिंतीवरच्या त्या यादीचे माझ्यावर इतके ऋण नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की जे पुस्तक वाचकासाठी काही काम शिल्लक ठेवते आणि ज्याचे ते काम वाचक खरोखर करतो, ते त्याला घडवते. तुम्ही ५२ पुस्तके वाचलीत, म्हणजे आठवड्याला एक. या वेगात काम करायला सवडच राहत नाही. पुस्तक संपवणे हेच काम होऊन बसते आणि संपल्याची खूण केली की समाधान मिळते. मोजदाद ठेवण्यात गैर काही नाही, पण निदान सहा महिने ती बंद ठेवा.

मग काम कोणते, आणि पुस्तक कोणते निवडायचे? इथे मी तुम्हांला आधी एक प्रश्न शोधायला सांगेन. सप्टेंबर १८३८ मध्ये चार्ल्स डार्विनने माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध उचलला तो, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, करमणूक म्हणून. लोकसंख्या भूमितीश्रेणीने वाढते, अन्न अंकगणितश्रेणीने, त्यामुळे जगण्यासाठी ओढाताण अटळ आहे, असे त्या निबंधाचे प्रतिपादन. मूळ निबंध १७९८ चा, म्हणजे तोवर चाळीस वर्षे लोक तो वाचत होते आणि त्यावरून भांडत होते. डार्विन मात्र सव्वा वर्षापासून एक प्रश्न मनात वागवत होता. माणूस जनावरांची आणि रोपांची निवड करून नवे वाण तयार करतो, हे त्याला दिसत होते. पण जिथे निवडणारा माणूसच नाही, त्या निसर्गात ही निवड कशी होत असेल? माल्थस वाचताना त्याला उत्तराचे टोक सापडले: जगण्याच्या ओढाताणीत परिस्थितीला अनुकूल असलेले टिकतात, बाकीचे नाहीसे होतात, म्हणजे निवड ती ओढाताणच करते. पुढे १८५८ मध्ये आल्फ्रेड वॉलेसला स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली, आणि त्यालाही पूर्वी वाचलेल्या माल्थसची आठवण त्या वेळी उपयोगी पडली. हजारो वाचकांतून दोन निसर्ग-अभ्यासकांच्याच हाती त्या निबंधातून ही गोष्ट लागली, कारण ते दोघे एकच प्रश्न घेऊन त्याच्याकडे आले होते.

तुमच्याजवळही असा प्रश्न असणार. तो भव्य असण्याची गरज नाही. ‘मी केलेली मांडणी नीट असूनही निर्जीव का वाटते?’ किंवा ‘लोक पान पाहतात तेव्हा आधी काय सोडून देतात?’ एवढा साधा प्रश्नही चालेल, फक्त तो तुमच्या रोजच्या कामात खरोखर टोचत असला पाहिजे. तो एका वाक्यात लिहा आणि मग एकच पुस्तक निवडा. ते तुमच्या क्षेत्रातलेच असावे असा आग्रह धरू नका. उलट थोडे बाहेरचे असेल तर बरे, कारण आपल्या क्षेत्रातल्या पुस्तकांतले शब्द इतके ओळखीचे असतात की ते समजल्यासारखे वाटते आणि आपण पुढे सरकतो. पुस्तक अवघड असावे, पण इतके अवघड नको की प्रत्येक पानावर अडखळावे लागेल. दहा-पंधरा पाने वाचून पाहिल्यावर दोन तरी ठिकाणी तुम्हांला लेखकाला थांबवून काही विचारावेसे वाटले, तर ते पुस्तक घ्या.

त्यासोबत एक वही ठेवा. डावीकडच्या पानावर, पुस्तक मिटून, वाचलेला मुद्दा स्वतःच्या शब्दांत लिहायचा. पुस्तक मिटूनच लिहायचा, हे मी मुद्दाम सांगते. उघडे ठेवून लिहिले की आपण नकळत उतरवून घेतो. उजवीकडच्या पानावर त्या मुद्द्याशी तुमचा व्यवहार. कुठे तो खोटा ठरेल, तुमच्या कामात त्याच्यासारखे काय आहे, कोणती शंका राहिली.

हे प्रत्यक्षात कसे दिसेल ते माल्थसच्याच मुद्द्यावर करून पाहू. डावीकडे तुम्ही लिहाल की जागा आणि अन्न मर्यादित आहे, मागणारे वाढत राहतात, म्हणून सगळे टिकू शकत नाहीत. आता उजवीकडे या. पहिली नोंद बहुधा हरकतीची असेल: माणसे शेती सुधारतात, अन्न त्या ठरावीक गतीनेच वाढेल असे कशावरून? ही हरकत रास्त आहे. माल्थसच्या अनेक टीकाकारांनी ती घेतली आहे. दुसरी नोंद करताना आपल्या कामाकडे पाहा. भित्तिपत्रकाची जागा ठरलेली असते. त्यात मथळा, चित्र, बोधचिन्ह, तारीख, पत्ता, आणखी एखादी सूचना, सगळ्यांना पाहणाऱ्याचे लक्ष हवे असते, आणि ते लक्ष तर जागेपेक्षाही थोडे असते. मग एक सूचना वाढली की तिचा भार कोणावर पडतो? मोठा घटक टिकतो की वेगळा दिसणारा? डार्विनच्या दृष्टीने पाहिले तर गर्दीत तगून राहायचा एक मार्ग म्हणजे दुसऱ्यांशी ज्यात स्पर्धा नाही अशी जागा धरणे. तुमच्या पानावर कोणता घटक अशी रिकामी जागा धरू शकेल? उद्या बैठकीत ‘तुला काय वाटते?’ असे कोणी विचारले आणि तुम्ही म्हणालात की ‘या पानावर सहा जण एकाच नजरेसाठी भांडत आहेत, त्यांतल्या दोघांना मागच्या बाजूला पाठवू या’, तर ते वाक्य माल्थसचे नसेल आणि डार्विनचेही नसेल. ते तुमचे असेल, आणि तरीही त्या दोघांशिवाय ते तुम्हांला सुचले नसते.

उजव्या पानासाठी आणखी एक नियम डार्विनकडूनच घेण्यासारखा आहे. आपल्या मताच्या विरोधात जाणारी एखादी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की तो लगेच, न चुकता टिपून ठेवायचा, असे त्याने अनेक वर्षे पाळले. कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी मनातून फार लवकर निसटतात, असा त्याचा अनुभव होता. वाचताना आपण सहसा पटलेल्या वाक्यांखाली रेघा मारतो. महिनाभर फक्त न पटलेल्या वाक्यांखाली मारून पाहा.

आता तुमच्या भीतीविषयी. आवाज हरवेल म्हणून वाचन कमी करावे असे मला मुळीच वाटत नाही. तुमच्या बाबतीत घडते ते असे की दुसऱ्याचे वाक्य तुमच्यापर्यंत येते, पण त्याला तुमचा हात लागत नाही, म्हणून ते जसेच्या तसे बाहेर पडते. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी याच्या अगदी उलट केले. ‘द स्पेक्टेटर’ या नियतकालिकाच्या लेखांचा एक खंड त्याला मिळाला आणि ती लेखनशैली त्याच्या मनात भरली. त्याने काही लेख निवडून प्रत्येक वाक्यातल्या आशयाची त्रोटक टिपणे केली, ती काही दिवस बाजूला ठेवली, आणि मग मूळ लेख न पाहता टिपणांवरून तो लेख स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिला. नंतर मुळाशी ताडून आपल्या चुका सुधारल्या. शब्द कमी पडतात असे दिसल्यावर त्याने काही कथांचे पद्य केले आणि पद्य पुरेसे विसरल्यावर पुन्हा गद्य केले. कधी टिपणांचे तुकडे मुद्दाम उलटसुलट करून ठेवले आणि काही आठवड्यांनी ते योग्य क्रमाने लावण्याचा प्रयत्न केला, कारण विचारांची मांडणी त्याला शिकायची होती. हे सगळे अनुकरणच होते, त्याहून उघड अनुकरण दुसरे नसेल. परंतु मुळाशी ताडताना, काही बारीक ठिकाणी आपण मूळ लेखापेक्षा बरे लिहिले आहे, असे त्याला अधूनमधून वाटू लागले. मला वाटते, आवाज असाच उगवतो: दुसऱ्याची गोष्ट पुन्हा घडवताना आपला हात जिथे वेगळा वळतो, तिथे. तुम्ही डिझायनर आहात, तेव्हा हा प्रयोग तुम्हांला शब्दांशिवायही करता येईल. आवडलेल्या मुखपृष्ठाचे घटक शब्दांत लिहून ठेवा, आठवड्याने ते न पाहता मांडा, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फरक पाहा.

कथा-कादंबऱ्यांबद्दल तुमच्या सहकाऱ्याशी मी सहमत नाही. डार्विनने १८७६ मध्ये आत्मचरित्रपर टिपण लिहिताना मोठ्या खेदाने नोंदवले आहे की तिशीपर्यंत किंवा त्याच्याही पुढे काही काळ आनंद देणारी कविता आता आपल्याला एक ओळही सोसवत नाही, आणि आपले मन म्हणजे वस्तुस्थितींच्या ढिगातून सर्वसामान्य नियम दळून काढणारे यंत्र झाले आहे. पुन्हा आयुष्य जगायला मिळाले तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचण्याचा आणि थोडे संगीत ऐकण्याचा नियम करीन, असे तो म्हणतो. कादंबऱ्या मात्र त्याला अखेरपर्यंत आवडत होत्या. आणखी एक दाखला देते. १९०२ पासून बर्नमध्ये आइन्स्टाइन आणि त्याचे दोन मित्र संध्याकाळी जमून वाचत असत. ह्यूम हा तत्त्वज्ञ आणि माख, प्वांकारे हे वैज्ञानिक तर त्यांच्या वाचनात होतेच, पण सोफोक्लीसचे नाटक आणि ‘डॉन किहोटे’ ही कादंबरीही होती. कधी एखादे पान, कधी अर्धेच पान वाचून होई आणि महत्त्वाचा मुद्दा निघाला तर त्यावरची चर्चा पुढचे कित्येक दिवस चाले. ह्यूमच्या वाचनाचा सापेक्षतेच्या विचाराला हातभार लागला, हे आइन्स्टाइनने स्वतः मान्य केले आहे. तुम्हांला असे एक-दोन सोबती मिळाले तर पाहा. उजव्या पानाचे अर्धे काम ते करतील. चांगली कादंबरीही वाचकासाठी भरपूर काम ठेवते. एखादे पात्र तसे का वागले, हे सांगायचे सोडून दिलेले असते आणि ते आपल्याला पुढे कित्येक दिवस लावत बसावे लागते.

राहिली ती विस्मरणाची तक्रार आणि उशाशी पडलेली अकरा पुस्तके. या दोहोंवर मी एकच उपाय सुचवते, आणि तो मोंतेनचा आहे. सोळाव्या शतकातला हा फ्रेंच निबंधकार आपल्या स्मरणशक्तीला कंटाळला होता. काही वर्षांपूर्वी काळजीपूर्वक वाचलेले, स्वतःच्या टिपणांनी भरलेले पुस्तक नवे समजून पुन्हा हाती घेण्याची वेळ त्याच्यावर अनेकदा आली. तेव्हा त्याने पुस्तकाच्या शेवटी, ते कधी वाचून संपवले ती वेळ आणि त्याच्याविषयी आपले एकंदर मत लिहून ठेवण्याची सवय लावून घेतली. तुम्ही असे करा. एका सुटीच्या दिवशी ती अकरा पुस्तके घेऊन बसा. प्रत्येकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तारीख घाला, कितव्या पानापर्यंत आलात ते लिहा, आणि तिथेच का थांबलात हे दोन-तीन वाक्यांत प्रामाणिकपणे नोंदवा. ‘कंटाळा आला’ एवढे लिहून सोडू नका. लेखक तेच तेच सांगू लागला म्हणून कंटाळा आला, की त्याने काही असे म्हटले जे तुम्हांला अडचणीचे वाटले म्हणून? पहिल्या प्रकारची पुस्तके कपाटात ठेवा किंवा कोणाला तरी देऊन टाका, त्यांचे देणे फिटले आहे. दुसऱ्या प्रकारचे एखादे तरी त्या अकरांत निघेल असा माझा अंदाज आहे. ते उशाशीच राहू द्या, आणि नवी वही त्याच पानापासून सुरू करा.